काट्यापेक्षा काठी



जुनी मोटरसायकल घेऊन जुन्या हमरस्त्याने बोरघाट चढलेल्यांना हे आठवेल. खंडाळ्याच्या चढणीला इंजिन आचके देतं, हात आपोआप पेट्रोल कॉककडे जातो, खटका ‘रिझर्व्ह’वर फिरतो आणि गाडी पुन्हा चालू लागते.

लहान विमानातही असाच खटका असतो, त्याला सिलेक्टर म्हणतात. दोन पंखांत दोन टाक्या. पायपर चेरोकीसारख्या विमानात दोन्ही एकदम चालू ठेवता येत नाहीत. घड्याळ बघून टाकी बदलावी लागते. ते राहून गेलं, की एक टाकी भरलेली असतानाही इंजिन बंद पडतं. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ विमान अपघातात गेला. त्याच्या विमानाचा सिलेक्टर डाव्या खांद्यामागे होता. तो फिरवायच्या नादात विमानावरचा ताबा सुटला, असं तपासात निघालं.

आपल्या मावळात अशा चुकीला जागाच नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर. उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवर पाच हजार दिसले, तरी गावावरची उंची तीनच हजार. बंद इंजिनाचं सेसना 172 विमान दर हजार फुटांमागे जेमतेम पावणेतीन किलोमीटर तरंगतं. पश्चिमेला कडा तुटलेला, आग्नेयेला लोहगड-विसापूर आणि पवनेचं पाणी, पूर्वेला भातखाचरांचे बांध. उतरणार कुठे?

म्हणून इंधनाच्या काट्यावर विसंबू नये. उड्डाणाआधी पंखाशी चढून झाकण उघडावं, मोजकाठी बुडवावी, लिटर लिहून घ्यावेत. सेसना 172च्या नव्या मॉडेलात 212 लिटर मावतात, पण वापरता येतात 200च. मग तासाला किती जळतं, त्याचा हिशेब घड्याळाशी. नजरेच्या भरवशावरच्या उड्डाणाला दिवसा अर्ध्या तासाचं राखीव इंधन हा जगभरचा सर्वसाधारण दंडक. मला विचाराल, तर घाटमाथ्यावर तासाभराचं हवं. ढग खिंडीत उतरले की वळसा घ्यावा लागतो, आणि राखीव साठा त्यातच संपतो.

पावसाळ्यात आणखी एक काम. झाकणातून, दमट हवेतून टाकीत पाणी शिरतं आणि जड असल्याने तळाशी बसतं. तळाचा नमुना काचेसारख्या पेल्यात काढून बघायचा. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. त्याखाली पाण्याचा थेंब दिसला, तर तो जाईपर्यंत निचरा करत राहायचं. आणि पेला अगदी नितळ, बिनरंगी दिसला तर जास्तच सावध व्हा. तो सगळाच पाण्याचा असू शकतो.