पुरानंतरचा ताप : स्वागताध्यक्षीय भाषण



 वेगळ्या वळणाच्या संसर्गजन्य रोगांवरील ही परिषद मुंबई-पुण्याच्या सभागृहाऐवजी कोकण रेल्वेवरील वीर या लहानशा गावात ठेवण्यामागे सोयीचा विचार नाही, कारण सोय येथे बेताचीच आहे. परंतु ज्या तापांचा ऊहापोह व्हायचा आहे, ते पाणी, चिखल, उंदीर, गोचीड आणि झाडोरा यांच्या संगतीने राहतात आणि ती सगळी मंडळी या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहेत.

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून खाली उतरते, महाडपाशी तिला गांधारी मिळते, आणि डोंगरातला लोंढा व बाणकोटच्या खाडीतून चढणारी भरती यांची गाठ पडली की बाजारपेठेत पाणी शिरते. जुलै 2005 आणि जुलै 2021 या दोन्ही पुरांची आठवण दासगाव, जुई आणि तळिये येथील दरडींमुळे आजही ओली आहे. मात्र पाणी ओसरून, घरातला गाळ उपसून झाल्यावर, साधारण आठ-पंधरा दिवसांनी जो ताप सुरू होतो, त्याची नोंद लोकांच्या आठवणीत सहसा राहत नाही. कोकणात ज्याला नुसते ‘लेप्टो’ म्हणतात तो लेप्टोस्पायरोसिस हा लेप्टोस्पायरा नावाच्या, मळसूत्रासारख्या पिळदार जिवाणूमुळे होतो; हा जिवाणू उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रपिंडात राहतो, मूत्रावाटे पाण्यात व चिखलात उतरतो आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या त्वचेतून किंवा डोळ्यांवाटे माणसाच्या शरीरात शिरतो. त्यामुळे हा आजार पुराची वाट पाहत बसत नाही; अनवाणी चिखलणी आणि लावणी करणाऱ्या शेतकऱ्याला तो कोणत्याही पावसाळ्यात गाठू शकतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत डेंग्यू, मलेरिया, विषमज्वर आणि लेप्टो यांची तोंडे सारखीच दिसतात, आणि नेमक्या याच दिवसांत उपचाराचा उपयोग सर्वाधिक असतो, ही या रोगाची मुख्य अडचण आहे. रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, शोधणारी चाचणी आजाराच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत बहुधा नकारात्मक येते. तेव्हा तिच्या अहवालावर विसंबून औषध लांबवणे म्हणजे हातचा वेळ घालवणे होय. अशा वेळी डॉक्टर पोटरी हलकेच दाबून पाहतो आणि रुग्ण कळवळतो. डोळे लालबुंद असतात, पण त्यांत चिपडे नसतात. आणि मग विचारायचा प्रश्न असतो तो गेल्या दोन आठवड्यांत रुग्ण कोणत्या पाण्यात उभा होता हा. एवढ्यावरून संशय घट्ट झाला, तर डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळ्या, आणि आजार गंभीर असल्यास शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन, अहवाल येण्यापूर्वीच सुरू केले जाते. उशीर झाला की मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस लागते, फुप्फुसांत रक्तस्राव झाल्यास कृत्रिम श्वसनयंत्राशिवाय गत्यंतर उरत नाही. डोळे पिवळे झाले की घरची माणसे कावीळ समजून झाडपाल्याच्या औषधासाठी धावतात. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण दवाखान्यात मिळणारे तुटक उत्तरही त्यांना त्या वाटेला लावते, हे येथे नमूद करणे भाग आहे.

पुरानंतर प्रतिबंधक म्हणून वाटल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिनविषयीही परिषदेत मोकळी चर्चा व्हावी. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांना हे औषध आठवड्यातून एकदा देण्याचा चांगला परिणाम 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु थोडे दिवस जोखमीत राहणारे सैनिक आणि सारा पावसाळा खाचरात काढणारा शेतकरी यांना एकच हिशेब लागू पडतो, असे गृहीत धरता येत नाही.

झाडोऱ्यातील तापांपैकी स्क्रब टायफसमध्ये, म्हणजे झुडपांतील सूक्ष्म माइट किड्यांच्या अळ्या चावल्याने होणाऱ्या तापात, काखेत, जांघेत किंवा करगोट्याखाली विडीने भाजल्यासारखा काळा, न दुखणारा व्रण लपलेला असतो. कपडे न काढता तपासलेल्या रुग्णात तो सापडणार नाही. उपचार पुन्हा डॉक्सिसायक्लिनच. माकडतापाचे तसे नाही. 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला, गोचिडीवाटे पसरणारा हा विषाणूजन्य ताप गेल्या दशकात सिंधुदुर्गातील दोडामार्गच्या काजूबागांपर्यंत पोहोचला. त्यावर नेमके औषध नाही, म्हणून द्रवपदार्थ, रक्तस्रावावर नजर आणि गरजेप्रमाणे रक्तघटक देणे यावरच भर राहतो, आणि रानात मेलेले माकड दिसल्याची बातमी वेळेवर मिळणे हीच पूर्वसूचना ठरते.

रुग्णाशेजारी बसून केलेल्या निरीक्षणाचे मोल या तालुक्याला नवे नाही. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या हृदयावरील परिणाम टिपून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोहोचवले आणि प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला. विंचूदंश हा संसर्ग नव्हे हे खरे, पण विषयाला सोडून हा उल्लेख झाला असे कोणी म्हणू नये.

आजच्या सत्रांत तालुक्यातील डॉक्टरांनी स्वतःचे केसपेपर, फसलेल्या निदानांसह, पुढे ठेवायचे आहेत, आणि आशाताईंचे सत्र मुद्दामच जेवणापूर्वी ठेवले आहे, कारण नंतर सभागृह पेंगते हा सर्वच परिषदांचा अनुभव आहे. व्यवस्थेतील उणिवा पाहुण्यांनी पोटात घालाव्यात आणि सन्माननीय अध्यक्षांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी स्वागत समितीची विनंती आहे.