कवळी नाही, जबड्याची पट्टी आहे

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत घाटंजी तालुक्यातील एका गटाच्या ताईंनी सांगितलेला अनुभव, त्यांच्याच शब्दांत.)



अध्यक्षताईंनी आज मला आरोग्यावर बोलायला उभं केलं. मी काही डॉक्टर नाही. सातवी शिकलेली, दोन एकरांत कापूस-तूर करणारी आणि उरलेल्या वेळात शिलाई मशीन चालवणारी बाई आहे. पण दोन वर्षं माझा जबडा दुखला. त्यापायी गटातून दोनदा कर्ज उचललं. पहिलं पाण्यात गेलं, दुसरंही जाता जाता वाचलं. तुमचं जाऊ नये म्हणून सांगते.

सुरुवात कानापासून झाली. वाटलं, कानच दुखतो. सासूबाई म्हणाल्या, तेल टाक. टाकलं. मग भाकर चावताना कानाजवळ 'कट्ट' आवाज यायला लागला. सकाळी उठलं की तोंड लाकडासारखं. जांभई द्यायची भीती वाटायची. एका दवाखान्यात दाढ काढून टाकली. दाढ गेली, पैसे गेले, दुखणं तिथंच राहिलं.

पुढे कोणीतरी सांगितलं म्हणून दंत महाविद्यालयाच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरताईंनी माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली आणि तोंड उघडायला लावलं. तुम्हीपण आता करून पाहा. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा, तोंड उघडा, बंद करा. काहीतरी सरकतं ना? तो जबड्याचा सांधा. दाराच्या बिजागरीसारखा. दोन हाडांच्या मधात एक लहान गादी असते, ती जागेवरून सरकली की कट्ट वाजतं. नुसतं वाजत असेल, दुखत नसेल, तर घाबरायचं कारण नाही.

मग त्यांनी विचारलं, "झोपेत दात खाता का?" मी म्हटलं, नाही. सोबत पोरगी होती. ती म्हणते, "मॅडम, रोज खाते. पाट्यावर वाटण वाटल्यासारखा आवाज येते." आपल्याकडे कोणी झोपेत दात खाल्ले की म्हणतात, पोटात जंत झाले. डॉक्टरताई म्हणाल्या, मोठ्या माणसाच्या बाबतीत त्याचा जंताशी संबंध नाही लावायचा. मनावर ताण असला की माणूस नकळत दात आवळतो. रात्रभर जबड्याचे स्नायू काम करत राहतात, मग ते सकाळी दुखणारच. त्यात माझी खोड म्हणजे शिवताना दातानं दोरा तोडणं आणि दिवसभर सुपारी.

त्यांनी दातांचे ठसे घेतले आणि आठ दिवसांनी एक पट्टी दिली. तिला स्प्लिंट म्हणतात. कडक, पारदर्शक, वरच्या दातांवर बसणारी. रात्री लावून झोपायचं. त्यानं दातावर दात घासत नाही आणि सांध्यावरचा भार हलका होतो.

आता खरं सांगते. पहिल्या रात्री तोंडात लाळच लाळ, उशी ओली. बोलले तर बोबडी वळली. डाव्या बाजूला टोचत होती. शेजारीण म्हणाली, "या वयात कवळी बसवली काय वं?" तिसऱ्या रात्री मी पट्टी काढली, डब्यात घातली, डबा कोनाड्यात ठेवला. परत डॉक्टरकडेही गेले नाही. एवढ्या पैशाची वस्तू नाही जमली, हे कोणत्या तोंडानं सांगू?

दोन महिन्यांनी गटाच्या बैठकीत सचिवताईंनी कर्जाची नोंदवही वाचली. "कारण आरोग्य. ताई, पट्टी कशी आहे?" मी म्हटलं, चांगली आहे. आमची जाऊ त्याच गटात. ती म्हणाली, "हो, चांगली आहे, डब्यात आहे." सगळ्या हसल्या. मला रडू आलं.

तेव्हा सचिवताई जे बोलल्या ते मी विसरणार नाही. म्हणाल्या, "तू शिवलेला ब्लाउज काखेत दाटला, आन् गिऱ्हाइकानं तो पेटीत टाकला, तुले सांगतलंच नाही, तं दोष कोणाचा? फिटिंग कराले वापस आणा लागते ना वं?"

दुसऱ्याच आठवड्यात गेले. डॉक्टरताई रागावल्या नाहीत. रंगीत कागद दातात चावायला दिला, पट्टीवर जिथं रंग जास्त लागला ती उंच जागा घासून काढली. टोचणं थांबलं. असं तीनदा जावं लागलं. त्यांनी सांगितलं, आधी संध्याकाळी तासभर लावा, स्वयंपाक-कामं करता करता सवय होईल, मग रात्री. लाळ आठ-दहा दिवसांत आपोआप कमी झाली. सकाळी पट्टी काढल्यावर दात थोडा वेळ नीट जुळत नाहीत, तेही हळूहळू ठीक होतं. दिवसभर जुळलेच नाहीत तर मात्र डॉक्टरांना सांगायचं.

पट्टी गरम पाण्यात टाकू नका, ती वाकडी होते. साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवायची. डबीत ठेवायची, लेकरांपासून दूर. आणि दुसऱ्याची पट्टी आपल्याला चालत नाही. जाऊबाईंची साडी नेसता येते, पट्टी नाही.

पण नुसत्या पट्टीनं भागत नाही. दुखत होतं तेव्हा मी भाकर वरणात कुस्करून खाल्ली. फुटाणे, सुपारी बंद. गरम पाण्यात कापड पिळून पंधरा मिनिटं जबडा शेकायचा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. दोरा कात्रीनं कापायचा. आणि दिवसातून आठवेल तेव्हा पाहायचं की ओठ मिटलेले पण दात सुटे आहेत ना. जेवताना सोडून दातावर दात टेकायचं कामच नाही.

आता दीड महिना सलग वापरल्यावर सकाळचा ताठरपणा गेला. कट्ट आवाज अजून येतो, पण दुखत नाही. वेचणीच्या दिवसांत, हप्त्याची चिंता असली की दुखणं डोकं वर काढतं. पट्टी काही कर्ज फेडत नाही, बायांनो. पण रात्री झोप लागते, तर सकाळी हिशोब सुचतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. खर्रा किंवा सुपारी खाणाऱ्याचं तोंड कमी उघडायला लागलं, तिखट झोंबायला लागलं, तर तो सांध्याचा आजार समजू नका. आपली तीन बोटं उभी तोंडात मावतात का पाहा. मावत नसतील, किंवा तोंडातला फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर लगेच तपासा, त्यातून कॅन्सर होऊ शकतो. आणि जबडा दुखताना छातीत दाटलं, घाम आला, दम लागला, हात दुखला, तर ते हृदयाचं असू शकतं. तेव्हा शेकत बसू नका, १०८ ला फोन करा.

दातांच्या मोठ्या दवाखान्यासाठी आपल्याला वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथं शरद पवार दंत महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. दाढ काढायच्या आधी एकदा विचारा, "डॉक्टर, दुखणं दाताचंच आहे ना, की सांध्याचं?"

उमेदच्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. आमच्या गटानं आता एक ठरवलं. आरोग्याच्या कर्जाचा हप्ता विचारताना, इलाज पूर्ण झाला का, हेही विचारायचं. आणि कोणी 'डब्यात आहे' म्हटलं, तर हसायचं नाही. तिच्यासोबत एकीनं एसटीत बसायचं.

एवढं बोलून थांबते.