अवयवदान : दान की सौदा?



मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. कर्जाची खाती पाहणे हे माझे रोजचे काम. काही वर्षांपूर्वी एक थकबाकीदार गृहस्थ माझ्या टेबलाजवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, एक किडनी विकली तर खाते बंद होईल का हो?" मला उत्तर सुचेना. मी त्यांना हप्ते वाढवून मिळण्याचा अर्ज लिहून दिला. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

१९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात यशस्वीपणे बसविले. १९६७ साली केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी हृदयाचे प्रत्यारोपण केले. विज्ञानाचा हा मोठाच विजय. परंतु गरिबाच्या देहाला किंमत आहे हे कळताच दलालही उभे राहिले. म्हणून आपल्या संसदेने १९९४ साली कायदा करून अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला.

मूत्रपिंड विकून गरिबाचे भले होते काय? चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी ते विकले होते. विक्रीनंतर कुटुंबाचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि कर्ज असलेल्यांपैकी बहुतेकांच्या डोक्यावर ते कायमच राहिले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर तारणही गेले आणि थकबाकीही राहिली.

कोणी म्हणेल, त्याने स्वखुशीने दिले ना? बंधूंनो, पंचशीलातील दुसरे शील सांगते की जे दिलेले नाही ते घेऊ नये. सावकार दारात उभा असताना जे दिले जाते, ते दिलेले असते का? शिबी जातकातील राजाने आपले डोळे दिले, त्यामागे कर्ज नव्हते आणि मोलही नव्हते. म्हणूनच ते दान. हाच प्रश्न आपण आपल्या घरातही विचारला पाहिजे. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. आई किंवा पत्नी 'नाही' म्हणू शकते काय? नकार देण्याची मोकळीक नसेल, तर होकारालाही अर्थ राहत नाही.

गरिबांनी अवयव पुरवायचे आणि धनिकांनी जगायचे, अशी व्यवस्था रूढ झाली तर माणसामाणसांत एक नवी विषमता जन्मेल. त्यावर उपाय आपल्या हाती आहे, तो म्हणजे मरणोत्तर दान. मेंदूमृत्यू झालेली एक व्यक्ती हृदय, यकृत, फुप्फुसे आणि दोन मूत्रपिंडे देऊन अनेकांना जगवू शकते. नेत्रदान तर घरी मृत्यू आला तरी काही तासांत करता येते. अवयव बसविताना रक्तगट जुळवून पाहतात, जात कोणी विचारत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, नुसता अर्ज भरून थांबू नका. ऐनवेळी संमती विचारली जाते ती कुटुंबीयांना. म्हणून आज घरी गेल्यावर जेवताना हा विषय काढा. मी माझ्या घरी तो काढला, तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारले, "माझ्या डोळ्यांचाही उपयोग होईल का रे?"

मोल न घेता आणि मोकळ्या मनाने दिलेले असे दान आपल्या प्रत्येक घरातून घडो, एवढी सदिच्छा व्यक्त करून मी थांबतो. जयभीम.