मिस्त्रींची अर्धी जीप



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी काही ना काही अर्धवट पडलेले असेल. कुणाची विहीर अर्धी खणून राहिली असेल. कुणाच्या भिंती उभ्या राहिल्या, छप्पर राहिले. स्वतःचे अर्धे काम पुरे करणे जड जाते. मग दुसऱ्याचे अर्धे काम अंगावर घेणे किती जड जाईल! आम्ही दोघा भावांनी ते घेतले. काम होते एका जुन्या जीपचे. आमच्यातल्या थोरल्याची वेल्डिंगची टपरी आहे. धाकटा शाळेत कारकून आहे. म्हणजे एकाला पत्रा कळतो, दुसऱ्याला कागद. इंजिन दोघांनाही धड कळत नव्हते. हे आधीच सांगून टाकलेले बरे.

जीप तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. पण ती आली कुठून? दुसरे महायुद्ध चालू होते. अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी पण दणकट गाडी हवी होती. चिखलातून निघणारी, चढ चढणारी. चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली. विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून अशा सहा लाखांवर गाड्या काढल्या. १९४५ साली युद्ध संपले. मग विलिसने तीच गाडी शेतकऱ्यांच्या आणि इतर लोकांच्या कामासाठी काढली. आपल्याकडे महिंद्रा कंपनीने तिचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे भागही इथेच होऊ लागले. १९५२ साली समूह विकास योजना सुरू झाली. १९६२ च्या १ मे पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. त्या काळी खेड्यात साहेब येणार म्हणजे जीपमधूनच. धुरळा दिसला की पोरे वेशीकडे पळायची.

आमची जीप १९६६ सालची. तिला सीजे-३बी म्हणतात. तिची खूण सोपी आहे. बोनेट उंच असते. याचे कारण तिच्या इंजिनात आहे. हवा आणि पेट्रोल आत घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झाले, आणि बोनेटही उंच करावे लागले. आधी ती एका सरकारी खात्यात होती. लिलावात एका बागायतदाराने घेतली. त्याच्याकडून आमच्या शेजारच्या गावच्या एका मिस्त्रींनी घेतली. त्यांनी ती नट नट सुटी केली, आणि २०१८ साली ते वारले.

२०१९ च्या उन्हाळ्यात मिस्त्रींच्या बायकोचा निरोप आला. त्यांना आम्ही काकी म्हणतो. आम्ही गेलो. अंगणात कोंबड्या पाणी पीत होत्या. मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर नुसती चासी. कोपऱ्यात इंजिन, वर गोणपाट. भिंतीला टेकवलेली बॉडी, तिच्या तळाची चाळण झालेली. आणि डबे! तेलाचे, बिस्किटांचे, वनस्पती तुपाचे. मोजले तर एकतीस भरले. भंगारवाला येऊन गेला होता. वजनावर सगळ्याचे मिळून बावीस हजार देतो म्हणाला होता.

काकी म्हणाल्या, "तुमी बगा. घ्यायची तर घ्या. न्हाईतर बेस्तरवारी त्याचा टेंपो येतोय."

काकींना घरावर पत्रे घालायचे होते. पावसाळा तोंडावर आला होता.

आता इथे आम्ही एक गोष्ट बरी केली. लगेच हो म्हटले नाही. त्या दिवशी आम्ही फक्त मोजले. एक वही घेतली. जे आहे ते एका पानावर लिहिले, जे दिसत नाही ते समोरच्या पानावर. उघडलेल्या गाडीत हाच धोका असतो. बंद पडलेली पण अखंड गाडी असेल, तर काय मोडले ते डोळ्यांना दिसते. उघडलेल्या गाडीत काय हरवले ते दिसत नाही. माणूस डब्यांचा ढीग पाहतो आणि म्हणतो, सगळे असेल यातच. डायनॅमो होता. स्टार्टर होता. एक हेडलाइट नव्हता. हवा गाळायच्या फिल्टरची वाटी नव्हती. या वाटीत तेल असते. आत जाणाऱ्या हवेतली धूळ त्या तेलात बसते. वाटीवाचून इंजिन धूळ खाते, आणि धूळ खाल्लेले इंजिन लवकर झिजते.

मग कागद मागितले. काकींनी एक टिनाची पेटी आणून पुढ्यात ठेवली. त्यात लाइटची बिले होती, रेशनकार्ड होते, देवाचे फोटो होते आणि जीपचे बुकही होते. बुकावर नाव त्या बागायतदाराचे! मिस्त्रींनी गाडी घेतली, पैसे दिले, पण नाव लावून घेतले नव्हते. आणि बागायतदारही वारला होता. आम्ही त्याच्या मुलांकडे गेलो. थोरला मुलगा म्हणाला, "बुक आमच्या वडिलांच्या नावावर आहे ना? मग जीप आमचीच. तुम्ही कुणाला विचारून सौदा करता?"

त्याचेही चूक नव्हते. बापाने घरात काही सांगितलेच नव्हते.

आम्ही परत काकींकडे आलो. पेटी पुन्हा उपसली, एक एक कागद वाचला. तळाशी एक चौकोनी घडी होती. रेव्हेन्यू तिकीट लावलेली पावती, २००४ सालची. जीपचा नंबर, रक्कम, सगळे पैसे पोचले असे लिहिलेले, आणि खाली बागायतदाराची सही. काकी ती पावती पंधरा वर्षे सांभाळत होत्या. मिस्त्रींनी त्यांना एवढेच सांगितले होते की, कागद टाकू नको. कुठला कागद कशाचा, हे दोघांनाही वाचता येत नव्हते.

थोरल्या मुलाने पावती हातात घेतली. सहीवरून बोट फिरवले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अक्षर वडिलांचंच आहे. सांगा कुठं सही करायची."

तुम्ही जुनी गाडी घ्याल तर लक्षात ठेवा. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे अर्ज लागतात. मालक वारला असेल तर आधी ३१ नंबरचा अर्ज करून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. आमच्या खेपा झाल्या, पण काम झाले.

किंमत ठरवताना आम्ही काकींना खरे ते सांगितले. इंजिन आणि गिअर बॉक्स वेगळे विकले तर भंगारापेक्षा पुष्कळ जास्त येतील. आम्ही सगळ्याचे पस्तीस हजार देऊ शकतो. वीस आता, पंधरा बुक आमच्या नावावर झाल्यावर. काकी म्हणाल्या, "चालतंय. पन तुकडं करून इकायची न्हाई." आम्ही कबूल झालो. कबूल झालो खरे, पण घरी येताना आमच्यातच वाद झाला. थोरला म्हणाला, तळाला नवा पत्रा मी घालीन, पण इंजिन जाम असेल तर? धाकटा म्हणाला, वीस हजार घरात सांगायचे कसे? दोन्ही प्रश्न बिनउत्तराचे राहिले. पण काकींच्या घरावर पत्रे पावसाआधी पडले.

आता कामाचे सांगतो. मिस्त्री शाळेत गेले नव्हते. डब्यांवर काही लिहिलेले नव्हते. पण प्रत्येक भागाला जुन्या साडीची चिंधी बांधलेली होती. हिरवी चिंधी, लाल चिंधी. कशाला एक गाठ, कशाला दोन. आम्ही दोन दिवस त्या चिंध्या पाहत बसलो. काही उमगेना. शेवटी काकींना बोलावले. त्यांनी खाली बसून चिंध्या हातात घेतल्या आणि सांगायला लागल्या.

"ही हिरवी साडी पुढच्या चाकांची. तांबडी मागच्या चाकांची. एक गाठ डावं, दोन गाठी उजवं. ह्ये पिवळं इंजानाचं. त्याच्या गाठी पंख्याकडनं मोजायच्या."

त्या सांगत गेल्या, आम्ही लिहीत गेलो. दुपारपर्यंत एकतीस डब्यांवर एकतीस चिठ्ठ्या चिकटल्या. चिंध्या मात्र आम्ही सोडल्या नाहीत. चिठ्ठी तेलाने भिजते आणि फाटते. चिंधी टिकते.

इंजिन जाम निघाले. प्लग काढून भोकांतून डिझेल आणि तेल मिसळून ओतले, आणि आठ दिवस तसेच ठेवले. जोर केला नाही. जोर केला की पिस्टनची रिंग मोडते. नवव्या दिवशी हँडल लावून थोडे मागे, थोडे पुढे केले. करकर आवाज आला आणि इंजिन फिरले. त्या रात्री आम्ही घरी पेढे नेले. घरच्यांना वाटले गाडी सुरू झाली! अजून दोन वर्षे लागायची होती. मध्ये २०२० सालचा करोना आला आणि सगळेच थांबले.

पेट्रोलची टाकी गळत होती. लोक म्हणाले, तुझ्या घरीच वेल्डिंग आहे, मार एक टाका. थोरल्याने टाकीला हात लावला नाही. टाकी रिकामी दिसली तरी आत पेट्रोलची वाफ राहते. ठिणगी पडली की टाकी फुटते, माणूस दगावतो. आम्ही दुसरी टाकी घेतली. ब्रेकचेही तसेच. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट. ती तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि नुसत्या जॅकवर गाडी उचलून कधी खाली शिरू नका. आधी ठोकळे लावा, मग शिरा.

आमच्या शहाणपणाची एक गोष्ट राहिली. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत चार प्लगच्या तारा मिस्त्रींनी लावूनच ठेवल्या होत्या. प्रत्येक तारेला पिवळी चिंधी. टोपीभोवती गाठी मोजल्या तर एक, तीन, चार, दोन. आम्ही म्हटले, शेवटी शेवटी मिस्त्रींची मोजणी चुकली वाटते. एकानंतर दोन यायला हवे. आम्ही तारा काढल्या आणि एक, दोन, तीन, चार अशा नीट लावल्या. धाकट्याने हँडल मारले. फाडकन आवाज झाला आणि हँडल उलटे फिरले. मनगट सुजून टम्म! अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला होता म्हणून मोडला नाही. हँडल मारताना अंगठ्याने दांड्याला वेढा घालायचा नसतो. हे एवढे तरी आम्हाला ठाऊक होते.

गावात एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झालेले एक फिटर आहेत. त्यांना बोलावले. त्यांनी टोपीकडे पाहिले आणि विचारले, "तारा कुणी बदलल्या?" आम्ही गप्प. ते म्हणाले, "अरे, या इंजिनात ठिणगी एक, तीन, चार, दोन अशीच पडते. मिस्त्रीनं बरोबर लावल्या होत्या." त्यांनी चिंध्या पाहून तारा पुन्हा जागेवर लावल्या. धाकट्याचा हात गळ्यात. थोरल्याने हँडल मारले. चौथ्या वेळेला इंजिन धरले. ती २०२२ ची दिवाळी होती.

खर्च किती झाला ते विचारू नका. वहीत आहे, आणि वही आम्ही घरात कुणाला दाखवत नाही. या गाडीतून पैसे सुटतील असे कुणी म्हटले तर विश्वास ठेवू नका. उलट २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम केला. गाडी ५० वर्षांहून जुनी असावी, मूळ रूपात असावी. मग तिची जुनी ठेव म्हणून नोंद होते. पहिल्या नोंदीला २०,००० रुपये, पुढे पुन्हा करायची तर ५,०००. नोंद १० वर्षे चालते. आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याला चालत नाही. प्रदर्शनाला न्यावी, मेळाव्याला न्यावी, दुरुस्तीला न्यावी, एवढेच. आमच्या जीपचे मूळ पेट्रोलचे इंजिन तिच्याजवळच राहिले, हे मिस्त्रींचे उपकार. पुष्कळांनी अशा जीपमध्ये डिझेल इंजिन घातले आणि मूळ इंजिन भंगारात दिले. आमच्या इंजिनाचा नंबर बुकातल्या नंबराशी जुळला.

हेडलाइट पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. फिल्टरची वाटी मात्र कुठेच मिळेना. बुधवारी गेलो, रविवारी गेलो. कोल्हापुरात विचारले, मुंबईला माणूस पाठवला. एकाने भलत्याच गाडीची वाटी दिली, ती बसली नाही. सहा महिने गेले. वाटीवाचून आम्ही जीप अंगणाबाहेर काढली नव्हती.

उरलेले पंधरा हजार बुक नावावर झाले तेव्हाच काकींना पोचते केले होते. इंजिन सुरू झाल्यावर आम्ही त्यांना जीप बघायला आणायला गेलो. त्या लुगडे बदलायला आत गेल्या. आम्ही अंगणात उभे. कोंबड्या पाणी पीत होत्या. थोरल्याने सहज खाली पाहिले आणि धाकट्याचा हात धरला. कोंबड्यांचे पाणी होते लोखंडाच्या एका खोल, गोल वाटीत. काठावर हिरव्या रंगाचा पोपडा. तोच आमच्या जीपचा हिरवा.

काकी बाहेर आल्या. आम्ही वाटीकडे बोट दाखवले. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बया! ही व्हय? मी म्हनलं, रिकामीच पडलीया." आणि त्यांनी पाणी झाडाला ओतले, वाटी पदराने पुसली, आणि कोंबड्यांसाठी आतून एक फुटका तवा आणून ठेवला.