नवी कोंबडी खुराड्यात सोडताना

मागच्या उन्हाळ्यात आम्ही बाजारातून एक तलंग आणली आणि त्याच सांजेला खुराड्यात सोडली. आठ-दहा दिवसांत मानमोडीनं अकरापैकी सात कोंबड्या गेल्या.

आता आम्ही नवी कोंबडी तीन आठवडे घराच्या दुसऱ्या अंगाला वेगळी ठेवतो. तिचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करतो, हात धुतो. हगवण, शिंका, वाकडी मान नाही ना, रोज बघतो. मग आठवडाभर जाळीआड, जुन्यांच्या नजरेसमोर. त्यानंतर रात्री अंधारात हळूच दांडीवर बसवतो. सकाळी दाणे दोन ठिकाणी टाकतो. थोडी टोचाटोची होणारच. रक्त निघालं तरच बाजूला काढायची. आणि जुन्यांची मानमोडीची लस चुकवू नका, बरं का! महिनाभराचा धीर स्वस्त पडतो.