नाकातील चिंचोका व मनातील भीती
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस संकोच वाटला. आम्ही काही वैद्य नाही. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत हयात घालविलेले एक शिक्षक आहोत. तथापि नाकात, घशात व श्वासाच्या वाटेत अडकणाऱ्या वस्तू हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. त्यास कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक.

दुसरीच्या वर्गास बेरीज-वजाबाकी शिकविण्यासाठी आम्ही मुलांना घरून चिंचोके आणावयास सांगितले होते. पुढे काही आठवड्यांनी एका मुलाच्या एकाच नाकपुडीतून पू येऊ लागला व दुर्गंधी सुटू लागली. शेजारची मुले कुरकुर करू लागली, तेव्हा आम्ही त्यास अस्वच्छतेबद्दल चारचौघांत बोललो आणि मागे एकटे बसविले. घरी सर्दीचे काढे चालूच होते. अखेर तालुक्याच्या डॉक्टरांनी दिव्याच्या उजेडात पाहिले, तो आत चिंचोका! "इतके दिवस सांगितले का नाहीस, बाळ?" असे आम्ही विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी मारतील म्हणून." बंधूंनो, चिंचोका आमच्या गणिताचा होता आणि भीतीही आमचीच होती.

तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते आम्ही वाचीत आलो. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे शेव्हेलियर जॅक्सन (१८६५–१९५८) नावाचे थोर शल्यचिकित्सक होऊन गेले. रुग्णांच्या घशातून, श्वासनलिकेतून व अन्ननलिकेतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जपून ठेविल्या. त्या तेथील म्युटर संग्रहालयात आहेत. त्यांत टाचण्या, बटणे, नाणी, खेळणी आणि उघड्या तोंडाच्या सेफ्टी पिनासुद्धा आहेत. आपल्याकडेही यादी लहान नाही. शेंगदाणा, हरभरा, सीताफळाची बी, सुपारीचे खांड, पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा, चमकीची फिरकी, वृद्धांची कवळी, या सर्वांस ही वाट ठाऊक आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत तर झऱ्याचे पाणी पिताना बारीक जळू नाकात शिरते, रक्त पिऊन फुगते, आणि घोळणा वारंवार का फुटतो हे कोणास उमगत नाही.

इंग्लंडचे विख्यात अभियंते ब्रुनेल यांची गोष्ट बोधप्रद आहे. १८४३ साली मुलांना जादूचा खेळ दाखविताना अर्ध्या सॉव्हरिनचे सोन्याचे नाणे त्यांच्या श्वासनलिकेत गेले. गळ्यास छेद घेऊन चिमट्याने काढण्याचा यत्न फसला. शेवटी त्यांस फळीस बांधून डोके खाली केले, तेव्हा सुमारे सहा आठवड्यांनी ते नाणे बाहेर पडले. तो उपाय आज कोणी करू नये. आज डॉक्टरांपाशी दुर्बीण आहे. घेण्याजोगा बोध निराळाच आहे. काय गेले व केव्हा गेले हे ब्रुनेल यांस सांगता आले, म्हणून उपचारांस दिशा मिळाली. दोन वर्षांच्या बालकाने कोणास सांगावे?

येथेच आपल्या घरांचा प्रश्न येतो. बाळास एकदम ठसका लागतो, ते लालनिळे होते, आणि थोड्या वेळाने पुन्हा खेळू लागते. सर्वांस वाटते, गेले संकट. वास्तविक दाणा आतच असू शकतो. मग महिनोन् महिने खोकला चालतो व दम्याची औषधे दिली जातात. त्या पहिल्या ठसक्याची आठवण बहुधा आईसच असते, पण "तुझे लक्ष कोठे होते?" हा सासूबाईंचा प्रश्न तिच्या कानांत आधीच घुमत असतो, आणि ती गप्प राहते. भगिनींनो, ज्या घरात खरे सांगण्याची सोय नाही, त्या घरात डॉक्टरांची दुर्बीणही उशिरा पोहोचते.

आता काही गोष्टी ध्यानी धराव्या. चार-पाच वर्षांखालील मुलास अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असल्यास डॉक्टरांस दाखवावे. नाकातील वस्तू आकड्याने उकरू नये व पाणी घालू नये. कडधान्य पाण्याने फुगते. घड्याळातील वा खेळण्यातील चपटी बॅटरी असल्यास क्षणाचाही विलंब नको. ती काही तासांत आतील पडदा जाळते.

घशात अडकले असता मूल जोराने खोकत असेल, तर खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, तर त्यास पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर पाच थापा माराव्या. न सुटल्यास मागून कवटाळून बेंबीच्या वर आत व वर असे पाच झटके द्यावे, आणि हा क्रम आळीपाळीने चालू ठेवावा. हे झटके १९७४ साली अमेरिकेतील डॉ. हाइम्लिक यांनी सुचविले. वर्षाच्या आतील बाळास मात्र पोटावर झटके देऊ नयेत. त्यास हातावर पालथे, डोके खाली धरून पाठीवर पाच थापा द्याव्या व मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यावे. वस्तू दिसत नसता घशात बोट घालू नये. ती आणखी आत जाते. दुसऱ्याने तत्काळ १०८ क्रमांकास बोलवावे.

आमच्या त्या विद्यार्थ्याची आम्ही वर्गासमोर क्षमा मागितली आणि त्यास पुन्हा पुढच्या बाकावर बसविले. आपल्या मंडळाने शिष्यवृत्त्या द्याव्या, वसतिगृहे काढावी, हे सर्व योग्यच. परंतु आज घरी गेल्यावर प्रत्येक वडीलधाऱ्याने मुलांस व सुनांस एवढे अवश्य सांगावे : "काही झाले तर आधी आम्हांस सांगा, आम्ही रागावणार नाही." आणि दिलेला शब्द पाळावा. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.