तोल सावरतो, पण तंतू जुळतो का?



मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा नववीतच सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा कानातल्या मज्जातंतूवर बोलायला हा गृहस्थ कसा उभा राहिला, असे आपणांस वाटेल. आमचा एक सभासद कारखान्यात क्रेन चालवीत असे. एका कानाच्या तोलाच्या तंतूवर गाठ झाली. ती काढताना तंतूही कापावा लागला. पहिले काही दिवस सारी खोली गरगरे, ओकाऱ्या होत, भिंत धरल्यावाचून उभे राहवत नसे. तीन महिन्यांनी गडी सरळ चालू लागला. व्यवस्थापन म्हणाले, चालतो आहे, अर्थी तंतू जुळला, चढा क्रेनवर. मला ते पटेना. पुस्तके काढून बसलो.

आपण स्वस्थ बसलो तरी दोन्ही कानांतून मेंदूकडे तोलाचे संदेश अखंड जात असतात. ही तराजूची दोन पारडी. एका बाजूचे संदेश थांबले की मेंदूला वाटते, आपण दुसरीकडे फिरतो आहोत.

कापलेला तंतू बेडकात पुन्हा वाढतो. अमेरिकेतील स्पेरी यांनी 1945 साली दाखविले की तो मेंदूत परत शिरतो आणि तोलही परत येतो. सस्तन प्राण्यांचे नशीब तसे नाही. आपल्या हातापायांतील तंतू तुटला तर दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढू शकतो. पण तोलाच्या तंतूचे मेंदूलगतचे टोक मेंदूच्याच आधारपेशींनी वेढलेले असते, आणि तेथे नव्या धाग्याची वाट अडते.

मग माणूस सावरतो कसा? रशियाच्या बेख्तेरेव्ह यांनी 1883 साली कुत्र्यांवर प्रयोग केले. एका बाजूचा तंतू कापला. कुत्रा कालांतराने सावरला. मग दुसरा कापला. आता दोन्ही पारडी रिकामी, तेव्हा गरगर व्हायला नको. पण कुत्रा पुन्हा कोलमडला, जणू पहिला तंतू शाबूतच होता! आमचे व्यवस्थापन तेथे असते तर म्हणाले असते, पहाच, पहिला जुळला होता. खरी गोष्ट निराळी. मेंदूने रिकाम्या पारड्यात आपल्या पदरचे वजन टाकले होते. दुसरे पारडे रिते होताच तेच वजन भारी पडले.

हे सावरणे हालचालीवाचून नीट होत नाही. फ्रान्समध्ये 1980 साली तंतू कापलेल्या मांजरांना सुरुवातीचे काही दिवस हालू दिले नाही, तेव्हा त्यांचा तोल फार उशिरा सावरला. इंग्लंडात कॉथॉर्न आणि कूक्सी यांनी 1940 नंतरच्या दशकातच अशा रोग्यांना मान व डोळे हलविण्याचे व्यायाम लावले होते. आमच्या सभासदाच्या घरी मात्र त्याला महिनाभर उशीवरून उठू दिले नव्हते! माया होती, दुसरे काय?

तंतू जुळला की नाही, हे चालण्यावरून कळत नाही. व्हिएन्नाच्या बारानी यांची परीक्षा आहे. त्यांना 1914 चे नोबेल पारितोषिक मिळाले. कानात गार पाणी सोडले की निरोगी माणसाचे डोळे ठरावीक लयीत हलतात. तंतू तुटलेल्या बाजूस काही होत नाही. दुसरी, सिडनीच्या हाल्माजी आणि कर्थॉइस यांची, 1988 सालची. डोके त्या बाजूस झटकन वळविले तर नजर खुणेवरून निसटते आणि मग उडी मारून परत येते. सपाट जमिनीवर, उजेडात हे खपून जाते. पण तीस फुटांवर, रात्रपाळीत, खालून कोणी हाक मारली आणि गड्याने मान वळविली तर?

आम्ही दोन्ही परीक्षांचा आग्रह धरला. गार पाण्याने त्या कानाकडून काहीच उत्तर आले नाही. मान वळविताच नजर निसटली. आता तो गोदामात हिशेब ठेवतो. क्रेनचा भत्ता कापला गेला आहे, त्याचा तंटा चालू आहे.